तांदळाच्या मुलखात गहू टाळताना

मला सीलिएक आजार, म्हणजे गहू खाल्ला की लहान आतडं झिजवणारा आजार, आहे हे कळलं तेव्हा वाडीतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. कोकणात राहून गहू सोडायला कसलं कठीण? भात आहे, घावणे-आंबोळ्या आहेत, तांदळाची आणि नाचणीची भाकरी आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनीही हेच सांगून धीर दिला. उत्तरेकडच्या पेशंटची तीन वेळची पोळी तुटते, तुमचं मात्र निभावेल, असं ते म्हणाले. ते खरंही ठरलं. चपाती सोडताना माझा जीव फारसा तुटला नाही. जीव मेटाकुटीला आला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या पिठापायी. आपल्याकडे या आजाराबद्दल जे सांगितलं जातं ते ‘चपाती, पाव, बिस्किट बंद’ इथवर येऊन थांबतं, आणि खरं काम त्याच्यापुढे सुरू होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी देवगड तालुक्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. आजाराचं निदान होण्याआधी कित्येक वर्षं माझं हिमोग्लोबिन ७-८ च्या वर टिकत नव्हतं. बाईचं रक्त कमी म्हटलं की कारण शोधायची कुणाला गरजच वाटत नाही. पाळी जास्त जात असेल, जेवणाकडे लक्ष नसेल, मुलांना शिकवून दमत असेल, एवढ्यावर विषय मिटतो. लोहाच्या गोळ्या सुरू व्हायच्या, पोट बिघडायचं, गोळ्या बंद व्हायच्या. शिरेतून लोह दिलं की काही महिने बरं वाटायचं, मग पुन्हा शाळेची चढण चढताना मध्ये थांबावं लागायचं. तोंडात सतत फोड येत. पोट फुगायचं, कधी दिवसात चार-पाचदा जावं लागायचं. त्याचा दोष आळीपाळीने विहिरीच्या पाण्याला, कोलंबीला आणि मे महिन्यातल्या आंब्यांना दिला जायचा. नडग्या दुखायच्या. अशक्तपणावर म्हणून घरच्यांनी मायेने दुधात घालायची माल्टची पावडर आणली होती, रोज दोन वेळा. माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव, आणि अशा पावडरीत बहुधा गहूही असतो. म्हणजे ज्याने माझं आतडं झिजत होतं तेच मी औषध समजून पीत होते.

कोल्हापुरात गेले ती दुसऱ्याच कामासाठी. तिथल्या पोटाच्या डॉक्टरांनी माझे जुने रिपोर्ट एकापुढे एक मांडले आणि विचारलं, इतकी वर्षं लोह पोटात जातंय, मग ते जातं कुठे? मला हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. खाल्लेलं लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सीलिएक आजार पहिला घाव तिथेच घालतो. म्हणून मोठ्या माणसांत कित्येकदा जुलाब-वांत्या नसतातच, नुसतं न हटणारं रक्तक्षय असतं. हाडं ठिसूळ होणं, पाळीच्या तक्रारी, गर्भ न टिकणं, यकृताचे आकडे किंचित वाढलेले असणं, अशा वाटांनीही हा आजार समोर येतो. ‘लहान मुलांचा जुलाबाचा आजार’ ही जी समजूत आहे तिने आमच्यासारख्यांची वर्षं खाल्ली आहेत, हे मी ठामपणे म्हणते.

रक्ताची तपासणी साधी आहे. टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडं मोजतात, आणि त्याच्या जोडीला एकूण आयजीए किती आहे तेही पाहतात. काही जणांच्या शरीरात आयजीएच कमी बनतं, त्यांची पहिली तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. माझा आकडा मर्यादेच्या दहा पटींहून पुढे गेला होता. घरी फोन केल्याबरोबर नवऱ्याने चपात्या बंद करायचं ठरवलं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून आतड्याची तपासणी, होईपर्यंत गहू अजिबात सोडायचा नाही. गहू थांबला की आतडं भरून यायला लागतं, प्रतिपिंडं उतरायला लागतात, आणि मग आजार होता की नव्हता हेच सांगता येत नाही. इंटरनेटवर वाचून लोक आधी गहू सोडतात आणि मग तपासणीला जातात, त्यांच्यापुढे पुढे मोठा पेच पडतो. पक्क्या निदानासाठी त्यांना कित्येक आठवडे पुन्हा गहू खावा लागतो, आणि तोवर शरीराला त्याची सवय गेलेली असते. हे वाचणाऱ्या कुणाला शंका असेल तर एवढं जरूर लक्षात ठेवा.

एंडोस्कोपीची मला भीती होती तेवढी ती अवघड निघाली नाही. घशात बधिर करणारा फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं, तोंडात प्लास्टिकची कडी दिली. काही मिनिटांत झालं. ओकारी येत राहते, पण नाकाने श्वास घेत राहिलं की निभतं. लहान आतड्याच्या तोंडाजवळून आणि थोडं पुढून असे बरेच बारीक तुकडे घेतले, कारण आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो आणि एकच तुकडा घेतला तर चुकीचं उत्तर येऊ शकतं. रिपोर्ट आला, मार्श ३, म्हणजे आतड्याचं अस्तर चांगलंच झिजलेलं.

निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखे उंचवटे दाट उभे असतात. त्यांच्यामुळे अन्न शोषायला पृष्ठभाग मिळतो. डॉक्टरांनी पडद्यावर आधी चांगल्या आतड्याचं चित्र दाखवलं आणि मग माझं. पेरणीनंतर भाताच्या रोपांचा तरवा दाट उभा असावा आणि एका रात्रीत गुरांनी शिरून तो तुडवून टाकावा, तसं मला ते दिसलं. माझ्या आतड्यात हे गव्हातल्या ग्लूटेनमुळे झालं होतं. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिनं असतात. ही नुसती अ‍ॅलर्जी नव्हे. ग्लूटेनच्या निमित्ताने शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उलटते. यावर आज तरी औषध नाही. ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण बंद करणं, एवढाच उपचार.

हे गव्हामुळे होतं हे दाखवून दिलं विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला होता. युद्धाच्या आधीपासून गव्हावर संशय धरून बसलेल्या डिकेचं मत तेव्हाच्या अनुभवाने पक्कं झालं, आणि १९५० साली त्याने त्यावर प्रबंध लिहिला. मला ही गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तेव्हा बरं वाटलं. माझ्या दुखण्याला कुणीतरी इतक्या चिकाटीने धरून बसलं होतं.

आणखी एक अभ्यास मी स्वतः शोधून वाचला, कारण ‘आपल्याकडे हा आजार नसतोच’ हे वाक्य मला फार ऐकावं लागलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांहून जास्त निरोगी माणसांची तपासणी झाली. उत्तरेत साधारण शंभरात एकाला हा आजार निघाला, दक्षिणेत हजारात एकाला. मात्र या आजाराला लागणारी जनुकं, डीक्यू-२ आणि डीक्यू-८, तिन्हीकडे जवळपास एक तृतीयांश लोकांत होती. ही जनुकं असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही, पण त्यांच्याशिवाय तो सहसा होत नाही. फरक होता तो मुख्यतः ताटातल्या गव्हाचा. उत्तरेत गहू पोटभर खाल्ला जात होता आणि दक्षिणेत अगदी थोडा. भातखाऊ मुलखाची म्हणजे आमचीही जनुकं वेगळी नसावीत, असं मला यावरून वाटतं. आणि आमच्या ताटात गहू आता पूर्वीइतका थोडा राहिलेला नाही.

आमच्याच घरात तो कसा आला ते सांगते. सासूबाईंच्या लहानपणी गहू म्हणजे सणाची पोळी आणि पाहुण्यांसाठी शिरा. मग रेशनवर गहू मिळायला लागला. मुंबईहून येणाऱ्यांबरोबर चपातीची सवय आली. शाळेच्या डब्यात चपाती-भाजी हवी, भाकरी नको, असं मुलं म्हणायला लागली. आणि सासऱ्यांना साखर निघाली तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं, भात कमी करा, चपाती खा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी परातीत कणीक मळली जाऊ लागली. हे सगळं माझ्या आजारपणाच्या आधी. त्यामुळे घरातून गहू हद्दपार करणं सरळ नव्हतं. ज्येष्ठ माणसाच्या पथ्याला हात लावायचा नव्हता.

उपाय सासूबाईंनी काढला. आमच्या मागीलदारी चूल आहे, आंघोळीचं पाणी तापवायची. चपात्या आता तिथेच होतात. तिथलीच परात, तिथलंच पोळपाट-लाटणं, तिथलाच तवा, आणि कणकेचा डबाही पडवीतल्या फडताळात. गॅसच्या ओट्यावर गहू येत नाही. कोरडं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ तरंगत राहून खाली बसतं, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर त्या स्वतः कणीक मळून झाली की हात धुऊन, पदर झटकून आणि मगच आत येतात. पीठ चाळायची चाळण, लाकडी कालथे, जुनं लाटणं, चिरा पडलेला नॉनस्टिक तवा या वस्तू माझ्यासाठी नवीन घेतल्या, कारण त्यांच्या फटींतलं पीठ घासून निघत नाही. बिडाचा तवा मात्र जुनाच ठेवला, तो पूर्वीपासून फक्त घावण्यांचा होता. सुरुवातीला सासूबाई काळजीने विचारायच्या, “चपाती नको तर नको, पण तुका बरा कधी वाटतला?” मला उत्तर देता यायचं नाही.

दुकानातल्या वस्तूंची यादी करायला आठवडे लागले. हिंगाने मला सगळ्यात जास्त चकवलं. आपण वापरतो तो डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. मूळ डिंक फार उग्र असतो, म्हणून तो बाभळीचा डिंक आणि पिठात मिसळून सौम्य करतात, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं असतं. फोडणीला चिमूटभर हिंग, म्हणजे आमटीत, उसळीत, वाटल्या डाळीत, लोणच्यात, पापडात, सगळीकडे गहू. तांदळाच्या पिठात मिसळलेला हिंगही मिळतो, पण डबीवरची बारीक अक्षरं वाचून घ्यावा लागतो. मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात असतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर घालतात. आमच्याकडच्या वड्यांच्या पिठात तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी यांच्या बरोबरीने कित्येक घरी गहू पडतो, म्हणजे कोंबडी-वड्यांतली कोंबडी माझी आणि वडे दुसऱ्यांचे. सोयासॉसमध्ये गहू असतो, कॉर्नफ्लेक्सवर माल्टचा लेप असतो. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे ग्लूटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर पाकिटावर ते सांगावं लागतं, आणि ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. पण आमची निम्मी खरेदी सुट्टी असते, बाजाराच्या दिवशी कागदाच्या पुडीत बांधून मिळणारी. पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं.

महागाची ग्लूटेन-फ्री बिस्किटं आणि पीठं मी सुरुवातीला मागवून पाहिली. मला ती पटली नाहीत. स्टार्च आणि साखरच जास्त. ज्याच्या दारात नारळ, फणस, केळी, तांदूळ, कुळीथ आहेत त्याने त्यांच्यासाठी पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवासात किंवा शहरात राहणाऱ्याला लागत असतील, तो भाग वेगळा.

काही महिन्यांनी टीटीजी पुन्हा केली. आकडा बराच उतरला होता, पण मधेच अडकला होता. पुढच्या तपासणीतही तिथेच. पोटही अधूनमधून फुगत होतं. मी घरात काहीच वावगं खात नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी मला एका दिवसाचं सगळं खाणं, अगदी कुठून आलं त्यासकट, लिहून आणायला सांगितलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं ते ‘तांदळाची भाकरी’वर. “पीठ कुठे दळता?”

गावच्या गिरणीत. दुसरं कुठे दळणार? गिरणवाल्या काकांना माझा आजार माहीत होता. ते माझं दळण सकाळी पहिलं लावायचे, आदल्या दिवशीचं पीठ झाडून काढायचे. मी त्यांच्याकडे जाऊन आहारतज्ज्ञ काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी चक्की बंद केली, वरचा भाग उघडला, दगड उचलला आणि म्हणाले, “बाई, तुमीच बघा आता.” दगडांना टाकी लावून पाडलेल्या खाचांत, कडेच्या खोबणीत, पीठ खाली येतं त्या तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीच्या शिवणीत, सगळीकडे पांढरट पीठ घट्ट बसलेलं होतं. त्यांनी ते खरवडून काढलं तर ओंजळभर निघालं. आदल्या दिवशी दिवसभर गहू दळला होता.

त्या रात्री मी हिशेब मांडला. २००७ साली इटलीत एक अभ्यास झाला होता. त्यात बऱ्या झालेल्या सीलिएक रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्यावर परिणाम दिसला. कणकेच्या १०० ग्रॅममध्ये ग्लूटेन साधारण ८-९ ग्रॅम धरलं तर ५० मिलिग्रॅमसाठी अर्धा-पाऊण ग्रॅम कणीक पुरते. म्हणजे चिमटीत मावेल एवढी. माझ्या पाच किलोंच्या दळणात गिरणीतलं थोडंसं पीठ जरी उतरत असेल, तरी रोजच्या दोन-तीन भाकऱ्यांतून चिमटीच्या जवळपास माझ्या पोटात जात होतं. ‘एवढ्याशाने काय होतं’ या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवसापासून आकड्यांत देता येतं, आणि मी ते देते.

मग घरघंटी घ्यायची ठरली. जुनी स्वस्तात मिळत होती, पण तिच्यात आधी गहू दळलेला असणार, म्हणून नवी घेतली. पैसे गेले, पण याच्याइतकं मोलाचं यंत्र आज आमच्या घरात दुसरं नाही. तिच्यात तांदूळ, नाचणी, चणाडाळ, उडीद एवढंच दळलं जातं. बेसनही घरचंच, कारण बाजारातलं बेसन ज्या चक्कीतून येतं तिथे काय काय दळतात ते कळायला मार्ग नाही. धान्य दळण्याआधी ताटात पसरून निवडायचं, गव्हाचा दाणा मिसळलेला असला तर तिथेच सापडतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा माजघरातलं जातं उपयोगी पडतं. सासूबाईंच्या सासूबाईंचं ते जातं. त्याच्यावर भाजलेले कुळीथ आणि तांदूळ दळले गेले, गहू दळल्याचं घरात कुणाला आठवत नाही. कुळथाची पिठी त्याच्यावर काढतो. मसाल्याचंही तसंच करावं लागलं. मे महिन्यात सगळी वाडी मसाला डंकावर कांडून आणते, आणि तो डंक गिरणीच्याच शेडमध्ये आहे, वरून पीठ उडत असतं. माझ्यापुरत्या मिरच्या, धणे, बडीशेप, तिरफळं भाजून मी घरच्या मिक्सरला लावते. रंग डंकासारखा येत नाही, चवीत थोडाच फरक पडतो.

या सगळ्या शोधाशोधीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मला कुठल्याच आहाराच्या कागदावर लिहिलेली दिसली नव्हती. आमचे जुने पदार्थ दोन जातींचे आहेत. काही गिरणीच्या पिठाचे, काही भिजवून घरी वाटलेले. घावणे, आंबोळ्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचं जुन्या पद्धतीचं वाटण, फणसाच्या रसातलं तांदळाच्या कण्यांचं सांदण, उकड्या तांदळाची पेज. यांतला तांदूळ घरातून बाहेर जातच नाही. तो धुतला जातो, भिजतो, घरच्या भांड्यात वाटला जातो. घरघंटी येण्याआधीच्या महिन्यांत मी यांच्यावरच उभी होते. ज्याला घरघंटी परवडत नाही त्याने पिठाची भाकरी काही काळ बाजूला ठेवून घावण्यांवर यावं, असं मी सांगेन. शिरवाळ्यांना, म्हणजे तांदळाच्या शेवयांना, मात्र दळलेलं पीठ लागतं. ते आता घरचं असल्यामुळे श्रावणात शिरवाळे होतात, नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून. सुरुवातीला मला दूध पचत नव्हतं, कारण दुधातली साखर पचवणारं विकर आतड्याच्या त्याच उंचवट्यांच्या टोकांवर तयार होतं आणि माझी टोकंच गेली होती. तेव्हा नारळाच्या रसाने फार साथ दिली. वर्षभराने दूध पुन्हा पचायला लागलं.

नाचणी मी आवडीने खाते. तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. माझ्या हाडांची घनता मोजली तेव्हा ती वयाच्या मानाने कमी निघाली होती. नडग्या उगाच दुखत नव्हत्या. वरकस जमिनीवर आमच्याकडे अजून थोडी नाचणी होते, तिच्यावर आता घरातल्या सगळ्यांचंच लक्ष असतं.

घराबाहेरचं खाणं ही अजूनही लढाईच आहे. कोकणातल्या खानावळीत मासे तळताना रव्यात घोळवतात. घरी आपण तांदळाचं पीठ लावतो, पण हॉटेलात कुरकुरीत दिसायला रवा हवा असतो. माझ्यासाठी तांदळाच्या पिठात घोळवून देतो म्हणतात, पण तवा आणि तेल तेच, त्यात आधीच्या सुरमईचा रवा काळा होऊन पडलेला. म्हणून बाहेर मी तळलेलं खात नाही. माशाचं सार आणि भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी एवढ्यावर जेवण होतं आणि चांगलं होतं. वाटणात खोबरं, मिरची, धणे, तिरफळ आणि कोकम असतं, गव्हाचा संबंध नसतो. तरी मसाला कुठला ते विचारते. विचारायचा मला संकोच वाटत नाही. ‘डाएट करताय का’ असं कुणी म्हटलं तर सांगते की हा आजार आहे आणि थोडंसंही चालत नाही. हौसेने ग्लूटेन सोडणारे लोक हॉटेलात अर्धी पोळी चालवून घेतात, त्यामुळे वाढणाऱ्याला वाटतं सगळ्यांचंच असं असतं. आमचं त्यात नुकसान होतं.

सगळ्यात अवघड गेला तो प्रसाद. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा, आणि तो नाकारणं म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी एका पूजेत मी हात जोडून नको म्हटलं तेव्हा शेजारच्या काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या, “अगो, देवाचो परसाद तो! चिमटीभर खाल्ल्यान काय जाता?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी श्रद्धा आहे, प्रसाद टाळायचा म्हणून मी टाळत नव्हते. पुढे आमच्याच घरी पूजा होती तेव्हा मी भटजींना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, यात अडचण काहीच नाही, कथेतच सांगितलं आहे की गव्हाचं चूर्ण नसेल तर तांदळाचं घ्यावं, सव्वाच्या मापाने. त्यांनी ते कथा सांगताना सगळ्यांना मोठ्याने पुन्हा वाचून दाखवलं. त्या वर्षी तांदळाच्या रव्याचा शिरा झाला, केळी आणि तूप घालून. काकींनी दोनदा मागून घेतला. आता वाडीतल्या दोन-तीन घरी पूजेला तांदळाचाच शिरा करतात, आणि मला आधी निरोप येतो. बाकीच्या ठिकाणी मी तीर्थ आणि फळ घेते, कुणी काही बोलत नाही.

गणपतीत मोदकांना अडचण नाही, उकड घरच्या पिठाची. खिरापतीत खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, तीही चालते. करंज्या मात्र मैद्याच्या आणि रव्याच्या, त्या तळून झाल्यावर त्याच तेलात माझं काही तळायचं नाही. शिमग्याला पुरणपोळीऐवजी मी पुरण नुसतं वाटीत घेते, वर नारळाचं दूध घालून.

मुंबईला जाताना रेल्वेत डबा घरचा. घावण्या-चटणीचा डबा संध्याकाळपर्यंत टिकतो.

आता तब्येतीचं. साधारण दोन वर्षांच्या आत टीटीजी मर्यादेत आली. त्याच्या आधीच, घरघंटी आल्यानंतरच्या काही महिन्यांत, हिमोग्लोबिन इंजेक्शनाशिवाय वर चढायला लागलं होतं, आणि गोळ्यांनी चढलं, ज्या गोळ्या इतकी वर्षं वाया गेल्या त्याच गोळ्यांनी. आज ते १२ च्या वर आहे. तोंडातले फोड गेले. शाळेची चढण मी मुलांबरोबर बोलत चढते. मोठ्या माणसांचं आतडं सावकाश भरतं, कित्येकांना वर्षाहून जास्त लागतं, हे मला आधीच सांगितलं गेलं होतं म्हणून मी धीर धरू शकले. दर वर्षी टीटीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड तपासून घेते. सीलिएक असलेल्यांत थायरॉइडचा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो.

हा आजार जवळच्या रक्ताच्या नात्यात असण्याची शक्यता साधारण दहात एक असते. आई-वडील, भावंडं आणि मुलं यांची तपासणी करावी असं डॉक्टर सांगतात, त्रास असो वा नसो. माझ्या मुलीची आली निगेटिव्ह. ती आता खुशाल चपाती खाते, पण काही वर्षांनी पुन्हा तपासायची आहे, कारण हा आजार कुठल्याही वयात सुरू होऊ शकतो. आई तपासणीला तयार होत नव्हती, या वयात आता काय, म्हणाली. तिचीही निगेटिव्ह आली. धाकटी बहीण पुण्यात असते, ऑफिसात काम करते, धडधाकट, पोटाची कसलीच तक्रार नाही. मी मागे लागले म्हणून तिने मागच्या महिन्यात रक्त दिलं, आणि तिची टीटीजी वाढलेली आली. ती घाबरली आहे. त्याच संध्याकाळी तिने गहू सोडायचं ठरवलं होतं, मी फोनवर थांबवलं. बायोप्सीची, म्हणजे एंडोस्कोपीतून आतड्याचे तुकडे काढून तपासायची, तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. तोवर ती रोज दोन पोळ्या खाते आहे, नको वाटत असूनही. मी तिच्याबरोबर जाणार आहे, आणि रिपोर्ट काय येतो त्यावर पुण्याच्या तिच्या स्वयंपाकघराचं ठरवू.